तिची सही, माझं वाचन

नवऱ्याचं नाव तिनं जन्मात तोंडानं घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल, तेवढंच. तो गेला तेव्हा नोंद करायला तलाठी आला आणि त्यानं विचारलं, "मयताचं नाव?" ही बाई ओसरीच्या कोपऱ्यात डोकं झाकून बसलेली, रडून रडून घसा बसलेला, पण नाव काही सांगेना. शेवटी पाच वर्षांच्या पोरीला पुढं ढकललं. त्या चिमुरडीनं बापाचं नाव सांगितलं तेव्हा कुठं तलाठ्याची लेखणी हलली. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं आमच्याकडं मानायचे. आता मेलेल्या माणसाचं आणखी काय कमी व्हायचं राहिलं होतं? पण रीत म्हणजे रीत.

त्या बाईला मी सही शिकवली. चांगलं काम केलं असं तेव्हा वाटलं होतं. आज विचाराल तर सांगते, त्याच्याइतकं वाईट काम माझ्या हातून दुसरं झालेलं नाही.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. आमचं गाव श्रीगोंद्यापासून बैलगाडीनं तीन तासांवर. माझे वडील गावात मिशनच्या शाळेचे मास्तर. आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, घरात पुस्तकं, भिंतीवर घड्याळ, आईच्या अंगात बाह्यांचं पोलकं. पण गावाच्या लेखी आम्ही महारवाड्यातलेच. मी नगरला मुलींच्या बोर्डिंगात राहून फायनल पास झाले होते. सातवी पास झालेली मुलगी म्हणजे पंचक्रोशीत मी एकटीच. अंगात काय मिजास होती म्हणून सांगू! रस्त्यानं चालताना पाटीवरचं, पोत्यावरचं, आगपेटीवरचं जे दिसेल ते मोठ्यानं वाचायची. आई म्हणायची, "अगं, जरा दमानं. गावाला कळलंय तुला वाचता येतं ते."

त्या दिवसांत सरकारनं साक्षरतेचं मोठं खूळ काढलं होतं. ज्याला स्वतःची सही करता आली तो साक्षर, असा हिशेब. सही आली की दाखला. पुढं वाचता येतंय का, ते कुणी विचारत नसे. पुरुषांचा वर्ग बाबा घ्यायचे. बायकांचा माझ्याकडं दिला. दुपारी कामं उरकली की आमच्या दारातल्या लिंबाखाली पाच-सहा जणी यायच्या. त्यात ही एक.

ती वरल्या आळीतल्या मराठ्यांच्या घरातली. वय असेल बावीस-तेवीस. मी तिला आक्का म्हणायची. ती आमच्या दारात बसते यावरून तिच्या घरी बोलणी व्हायची, म्हणून ती डोक्यावर शेणाची पाटी घेऊन यायची, म्हणजे गोवऱ्या थापायला निघालीय असं वाटावं. सुरुवातीला माझ्या हातातून पाटी-पेन्सिल घ्यायची नाही. मी जमिनीवर ठेवायची, मग ती उचलायची. मला राग यायचा. एकदा मी म्हटलं, "आक्का, माझी अक्षरं तेवढी चालतात का गं तुला?" तशी ती ओशाळली. दुसऱ्या दिवसापासून सरळ हातातून घ्यायला लागली. पुन्हा कधी तिनं पाटी खाली ठेवायला लावली नाही.

तिचं स्वतःचं नाव चार दिवसांत आलं. मग मी म्हटलं, आता मधलं नाव, मालकांचं. मी पाटीवर काढून दाखवलं आणि मोठ्यानं वाचलं. तिनं डोळे मोठे केले.

"ह्ये तेंचं नाव?"

"हो."

"आसं दिसतं व्हय?"

कितीतरी वेळ ती नुसती पाटीकडं बघत होती. मग हळूच म्हणाली, "तोंडानं घ्यायाचं न्हाई, पर हातानं काढाया कुनी बंदी केलीया?" आणि खुदकन हसली. नवरा गेल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानंतर तिला वेडच लागलं. चुलीपुढच्या राखेत काढायची. शेतात ढेकळं फोडता फोडता काडीनं मातीत काढायची. परातीतल्या पिठावर बोटानं काढायची आणि जाऊ कडाडली की हात फिरवून पुसायची. मी मास्तरीण, मी कडक. "मधलं नीट काढ, आक्का. वेलांटी किती मोठी केलीस! पुन्हा काढ." ती निमूट पुन्हा काढायची. तीन महिन्यांनी साहेब तपासणीला आले, तेव्हा तिची सही बघून म्हणाले, "वा, काय वळण आहे!" मला तर आभाळ ठेंगणं झालं. ते "वळण" पुढं एका वकिलाच्या तोंडून पुन्हा ऐकायचं होतं.

मी वाचायलाही शिकवणार होते. खरंच शिकवणार होते. पण दाखला मिळाला, वर्ग संपला, साहेब दुसऱ्या गावी गेले. सुगी आली. राहून गेलं.

तिच्या सासरची जमीन दोन भावांत होती, वाटणी झालेली नव्हती. हिच्या मालकाच्या हिश्शाला येण्यासारखा विहिरीचा तुकडा होता, अडीच एकर. नवरा-बायकोनं मिळून ती विहीर उकरली होती. हिनं पोटुशी असताना डोक्यावरून मुरूम वाहिला होता. आमच्या भागात तेव्हा उसाचं वारं सुटलं होतं. पाण्याच्या जमिनीला एकदम मोल आलं. हिचा थोरला दीर सगळं कसायचा आणि हिला नि पोरीला दोन वेळची भाकरी मिळायची.

एक दिवस बाबांनी वर्तमानपत्रात वाचलं की विधवेला नवऱ्याचा हिस्सा मिळण्याचा कायदा आता शेतजमिनीलाही लागू झालाय. बाबांना बातमी कळली की त्यांच्या पोटात राहायची नाही. चावडीपुढं उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवली. ऐकायला कोण? सगळे पुरुष. कायदा झाला बायकांसाठी आणि गावात तो आधी कळला दिरांना, भासऱ्यांना, सासऱ्यांना. आक्काला मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "खरंच, गं? तेंची हीर माज्या पोरीला ऱ्हाईल?" मी म्हटलं, "राहील. कायदाच आहे." अगदी मीच केल्यासारखा!

त्यानंतर महिन्याभरातच दिराच्या जिभेवर साखर आली. हिला म्हणाला, "बाय, लोक काय काय बोलत्यात. उद्या मी हाय-न्हाई. तुजी वारस नोंद करून टाकू. भावाचं नाव जिमिनीवर ऱ्हायला पायजे." त्यानं नेमकं तिथं बोट ठेवलं, नाव राहायला पाहिजे यावर. ही कुठली नाही म्हणणार? फक्त एवढंच म्हणाली, "मास्तराची पोर संगं येऊ द्या. तिला वाचाया येतं." दीर जरा घुटमळला, मग म्हणाला, "येऊ दे की. आपलं काय चोरीचं हाय?"

बाजारच्या दिवशी आम्ही श्रीगोंद्याला गेलो. गाडीत मी मागं, धान्याच्या पोत्याला टेकून. ती मध्ये, मांडीवर पोर. वाटभर ती बोटानं गाडीच्या फळीवर सही काढत होती. मला म्हणाली, "मास्तरीनबाई, हात कापला तर गं?" मी म्हटलं, "कापत नाही. मधलं नीट काढ म्हणजे झालं."

कचेरीच्या बाहेर ओट्यावर कागद लिहिणारा बसला होता. कागद आधीच तयार होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवं होतं. दीर त्याच्याशी दोन शब्द बोलला आणि पान खायला बाजूला गेला. आक्कानं पदर सावरला, हात पुढं करून तो कागद मागितला आणि माझ्या हातात दिला. "वाच गं. काय लिवलंय बघ."

मी बघितलं. कागद मोडीत होता.

मला मोडी येत नव्हती. मुलांना शाळेत मोडी शिकवायचे. आम्हां मुलींना बाळबोध, गाणी आणि शिवण. एकदा वर्गात एकीनं विचारलं होतं, तर बाई म्हणाल्या, "मुलींना मोडी कशाला? तुम्ही काय कचेरीत कागद वाचायला जाणार आहात?" आम्ही सगळ्या हसलो होतो. मीसुद्धा.

आणि आता ती बाई माझ्या तोंडाकडं बघत उभी. कागद लिहिणारा चष्म्यावरून बघत होता. बाजूला दोन-तीन शेतकरी होते, ते म्हणाले, "आरं, पोरगी वाचती का काय!" मला येत नाही, एवढे तीन शब्द. ते मला बोलता आले नाहीत. आगपेटीवरचं मोठ्यानं वाचत फिरणारी मी! मी ओळींवरून बोट फिरवलं. बाबांच्या वहीत पाहून चार मोडी अक्षरं ओळखीची झाली होती, त्यावरून तिचं नाव मला सापडलं. पुढं मालकांचं नाव सापडलं. तेवढ्यावर मी म्हटलं, "हो, बरोबर आहे. तुझं नाव आहे. मालकांचंही आहे."

"पोरीचं?"

मी पुन्हा बोट फिरवलं. पोरीचं नाव कुठं होतं की नव्हतं, देव जाणे. "असेल की पुढं. वारस नोंदच आहे," मी म्हटलं.

आत साहेबांपुढं तिला उभं केलं. कारकुनानं शाईची गादी पुढं सरकवली आणि सवयीनं तिचा हात धरायला गेला. तिनं हात मागं घेतला. "आंगठा न्हाई. मी सही करती." साहेबांनी विचारलं, "बाई, मजकूर समजला का?" तिनं दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. ती म्हणाली, "व्हय, समाजला." मग तिनं टाक धरला आणि जीभ दातांत धरून, एकेक अक्षर कोरत सही केली. अशी देखणी सही तिनं पूर्वी कधी केली नव्हती. बाहेर आल्यावर माझा हात घट्ट धरून म्हणाली, "साहेबाफुडं तेंचं नाव काढलं म्या." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दिरानं आम्हां तिघींना भजी घेऊन दिली. मी खाल्ली.

त्या वर्षीची सुगी झाली आणि दिरानं तिची भाकरी वेगळी केली. परड्याच्या कडंला एक छप्पर दिलं आणि वर्षाला ठरलेली जोंधळ्याची पोती. ती विहिरीवर गेली तर त्यानं हटकलं. "हीर माजी हाय. तूच सही करून दिलीस की." गावभर बोभाटा झाला. बाबा म्हणाले, असं कसं, वारस नोंद झालीय ना? त्यांनी कचेरीतून नक्कल काढवली आणि आम्हां दोघींना घेऊन नगरला एका ओळखीच्या वकिलांकडं गेले.

वकिलांनी कागद वाचला. मोडीतलं भराभरा वाचून साध्या शब्दांत समजावलं. आक्काच्या नावानं लिहिलेलं होतं: मी माझ्या राजीखुशीनं, कुणाच्या धाकाशिवाय, अन्नवस्त्राच्या बदल्यात माझा हिस्सा थोरल्या दिराला सोडून देत आहे. माझा किंवा माझ्या मुलीचा यापुढं काही हक्क राहिला नाही. पोरीचं नाव होतं कागदात. ते असं होतं.

आक्का जमिनीवर बसली होती. तिला पहिल्यांदा समजलंच नाही. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

वकील म्हणाले, "अहो मास्तर, अंगठा असता तर मी दावा लावला असता. अडाणी बाई, फसवलं, असं म्हणता आलं असतं. ही सही बघा. काय वळण आहे! कोर्ट म्हणेल, शिकलेली बाई आहे, वाचून केली असेल." मग त्यांनी तिला विचारलं, "तुला कुणी वाचून दाखवला होता का कागद? भलताच मजकूर सांगितला, असं सांगणारा एक जरी साक्षीदार असला तर बघू काहीतरी करता येतं का."

ती वळली आणि तिनं माझ्याकडं बघितलं.

बाबा माझ्या शेजारच्या खुर्चीत होते. पुढच्या महिन्यात मी ट्रेनिंग कॉलेजला जाणार होते, बाबांनी गावभर सांगून ठेवलं होतं. मी म्हणायला हवं होतं, मी वाचला तो कागद, मला मोडी येत नव्हती, मी खोटं सांगितलं. काय झालं असतं? बाबा लाजले असते, चार लोक हसले असते. एवढंच. तिची अडीच एकर होती आणि माझी फक्त लाज होती. मी माझ्या पायांकडं बघत बसले.

तिनं बराच वेळ वाट पाहिली. मग वकिलांकडं तोंड करून म्हणाली, "न्हाई. कुनी वाचला न्हाई. माजी मीच केली सही."

परत येताना बाबांनी मला विचारलं, "तू होतीस ना गं बरोबर?" मी म्हटलं, "मी बाहेर होते." देवळात दर रविवारी गुडघे टेकणारी मी. गाडीत ती समोरच बसली होती. तिनं ऐकलं आणि तोंड रस्त्याकडं फिरवलं.

मी ट्रेनिंगला गेले. पास झाले, मास्तरीण झाले. सुट्टीत घरी आले की कळायचं. आक्का रोजानं जाते. कुणाच्या शेतात? दिराच्याच. आपण उकरलेल्या विहिरीच्या पाण्यावर दुसऱ्याच्या उसाला बारं द्यायची. पोरीला तिनं बाबांच्या शाळेत घातलं होतं, ती काढून घेतली. दोघींच्या मजुरीवाचून पोट भरेना. मी तिला भेटायला गेले नाही. पाऊल उचलत नव्हतं. ती पाणवठ्याकडून येताना दिसली की मी दुसरी वाट धरायची.

चारेक वर्षं गेली. जर्मनीची लढाई संपली, पण साखर-रॉकेलची टंचाई संपली नव्हती. रेशनची कार्डं लिहायचं काम मास्तर लोकांवर टाकलेलं. माझी नेमणूक शेजारच्या गावी होती आणि लिहिणारं कुणी कमी पडलं म्हणून दोन दिवस मला आमच्याच गावात बसवलं. चावडीपुढं टेबल, समोर रांग. मी मान खाली घालून लिहीत होते. "नाव? माणसं किती? पुढचं." आणि पुढं ती उभी राहिली.

तिशीसुद्धा आली नव्हती तिची, पण ओळखू येईना. पायांना भेगा, हात उसाच्या पाचटानं ओरबाडलेले.

मी म्हटलं, "आक्का."

ती म्हणाली, "लिवा, बाई." मला अहोजाहो.

"माणसं किती?"

"मी एकटी."

"आणि पोर?"

"दिली."

पोर अकरा वर्षांची असेल. इतक्या लहान वयात लग्न लावायचं नाही असाही कायदा होता. मी विचारलं, "कुठं दिली?" तिनं गावाचं नाव सांगितलं, खर्ड्याकडचं, लांबचं. "बिजवर हाय. पर घरी खायाला हाय," म्हणाली.

मी कार्ड लिहिलं. रजिस्टर तिच्याकडं फिरवलं आणि टाक पुढं केला. "सही कर, आक्का."

तिनं टाकाकडं बघितलं, पण घेतला नाही. रजिस्टरवर वाकून म्हणाली, "ह्ये मोडीत न्हाई ना?"

रांगेतल्या कुणाला त्यात काही वाटलं नाही. मला मात्र उमगलं. मला मोडी येत नव्हती, हे तिला माहीत होतं. वकिलांच्या घरात वळून बघितलं तेव्हाही माहीत होतं. चार वर्षं तिनं ते कुणाला सांगितलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "बाळबोध आहे."

"मंग वाचून दावा."

मी वाचलं. गाव, नाव, माणसं एक, साखर, रॉकेल. शब्द न शब्द वाचला. ती कान देऊन ऐकत होती. संपल्यावर तिनं अंगठा पदराला पुसला, गादीवर दाबला आणि रजिस्टरवर टेकवला.

मी हळू आवाजात म्हटलं, "आक्का, तुला सही येते की गं."

"येती की," ती म्हणाली. "पर तेंचं नाव काढलं आन् तेंची हीर घालीवली म्या. आता न्हाई काढायाची. मरंस्तंवर न्हाई."

अंगठ्याशेजारी लिहिणाऱ्यानं आपल्या हातानं त्या माणसाचं नाव लिहायचं असतं, तसा नियम होता. मी टाक बुडवला. तिचं नाव लिहिलं. मालकांचं नाव लिहायला घेतलं तर पहिलंच अक्षर वाकडं गेलं. ती अजून समोर उभी होती, बोटाची शाई पदराला पुसत.

"मदलं नीट काढा, बाई," ती म्हणाली.

मी वाकडं अक्षर खोडलं आणि पुन्हा नीट काढलं. तिनं वाकून बघितलं, कार्ड उचललं आणि पुढच्या माणसाला जागा करून दिली.